दिंडिगल करार: शिलाईच्या लाइनवरची तक्रार कुठे अडते आणि कशी पुढे जाते

5 जानेवारी 2021 रोजी तामिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यात 20 वर्षांच्या एका दलित मुलीचा मृतदेह सापडला. नाची अपॅरल या तयार कपड्यांच्या कारखान्यात ती कामाला होती आणि 1 जानेवारीपासून बेपत्ता होती. तिच्याच सुपरवायझरला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. तो कित्येक महिने तिला त्रास देत होता, असे घरच्यांनी आणि सोबतच्या कामगारांनी सांगितले.

नाची अपॅरल ही तिरुपूरच्या ईस्टमन एक्स्पोर्ट्स या बड्या निर्यातदाराची शाखा. तिथला माल परदेशी ब्रँडना जात असे. म्हणजे ब्रँडची आचारसंहिता होती आणि कारखान्याच्या तपासण्याही होत होत्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तर देशात 2013 पासून लागू आहे. एवढे सगळे असताना कित्येक महिने चाललेला त्रास थांबला का नाही, याचे उत्तर एका माणसाच्या दुष्टपणात शोधले तर पुढच्या मुलीसाठी काहीच बदलत नाही. ते उत्तर लाइनच्या रचनेत आहे. या प्रकरणातून पुढे कामगार संघटना, मालक आणि ब्रँड यांच्यात जो दिंडिगल करार झाला तो नेमका त्या रचनेलाच हात घालतो, म्हणून आधी लाइन कशी चालते ते समजून घेऊ.

लाइन आणि टार्गेट

निर्यातीच्या कारखान्यात एक पीस एकीने शिवायचा नसतो. खांदा जोडणे, कॉलर बसवणे, बाही लावणे, साइड सीम, बॉटम हेम अशी कामे तुकड्या-तुकड्यांत वाटलेली असतात. ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक, सिंगल नीडल अशी मशीन ओळीने मांडलेली, आणि बंडल एकीकडून दुसरीकडे सरकत जाते. एका पीसला किती मिनिटे लागायला हवीत, हे औद्योगिक अभियंता ठरवतो. त्याला सॅम म्हणतात.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. कॉलरच्या टी-शर्टचा सॅम 12 मिनिटे आणि लाइनवर 40 मशीनवाल्या. आठ तासांची पाळी म्हणजे प्रत्येकीची 480 मिनिटे, सगळ्यांची मिळून 19,200 मिनिटे. शंभर टक्के कार्यक्षमतेने दिवसाला 1,600 पीस निघतील. प्रत्यक्षात कारखाना 65 टक्के धरतो असे समजू, म्हणजे 1,040 पीस. तासाला 130. हा आकडा लाइनच्या तोंडाशी लावलेल्या फळ्यावर दर तासाला लिहिला जातो आणि तोच सुपरवायझरच्या मानेवर असतो.

आता चार जणी गैरहजर आहेत. उरलेल्या 36 जणींची मिनिटे 17,280. तेच 1,040 पीस काढायचे तर कार्यक्षमता 65 वरून 72 टक्क्यांवर न्यावी लागते. नवी स्टाइल लाइनवर चढली की पहिले दोन-तीन दिवस हात बसलेला नसतो, कार्यक्षमता निम्म्यावर येते, पण जहाजाची तारीख तीच राहते. कापड उशिरा आले, ब्रँडने नमुन्याला मंजुरी द्यायला आठवडा जास्त घेतला, तर तो आठवडा शिलाईतूनच वसूल होतो, कारण शिलाईच्या पुढे फक्त इस्त्री, पॅकिंग आणि बंदर उरलेले असते. उशीर झाला तर माल विमानाने पाठवायचा खर्च कारखान्यावर पडतो आणि त्या ऑर्डरमधला नफा संपतो.

हा सगळा दाब ज्या जागी माणसावर येतो ती जागा म्हणजे सुपरवायझर आणि मशीनवाली यांच्यातले दोन हात अंतर. मशीनवर बसणाऱ्या बहुतेक बायका, आणि सुपरवायझर, लाइन इनचार्ज, प्रॉडक्शन मॅनेजर बहुतेक पुरुष. सुपरवायझरच्या हातात काय काय असते ते नीट पाहायला हवे. कोणाला कोणते मशीन द्यायचे, रजा मंजूर करायची की नाही, गेटपास, ओव्हरटाइमची यादी, कोणाचे पीस रीवर्कला परत पाठवायचे, पाणी प्यायला किंवा संडासला कधी सोडायचे. यातला प्रत्येक निर्णय छोटा आहे, तोंडी आहे, आणि त्याची कुठे नोंद होत नाही. म्हणूनच शिवीगाळ, अंगावर धावून जाणे, मशीनजवळ वाकून अंगचटीला येणे, फोन नंबर मागणे या गोष्टी कामाच्या दाबात मिसळून जातात. पीस काढून घेण्यासाठी ओरडण्याची परवानगी ज्याला आहे, त्याला ओरडण्यापलीकडे जाताना कोणी अडवत नाही. छळ आणि टार्गेट यांची ही गाठ न सोडवता केलेले प्रशिक्षण भिंतीवरच्या पोस्टरइतकेच उरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दिंडिगलमध्ये याला आणखी दोन पदर आहेत. कामगारांत दलित आणि स्थलांतरित बायका मोठ्या संख्येने आहेत. कारखान्याची बस, वसतिगृह आणि गाव या तिन्ही ठिकाणी तीच माणसे, तीच जातीची उतरंड. सुपरवायझर शेजारच्या गावचा असेल तर तक्रार केलेल्या मुलीला त्याची भीती पाळी सुटल्यावरही असते.

कायद्याचा रस्ता आणि त्यातली गळती

2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी. पीठासीन अधिकारी वरिष्ठ पदावरची स्त्री, कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य, एक बाहेरचा सदस्य, आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया. शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. समिती कारण नोंदवून आणखी 3 महिने देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत, अहवाल त्यानंतर 10 दिवसांत, मालकाची कारवाई 60 दिवसांत. चौकशी चालू असताना तक्रारदार मागेल तर बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा देता येते. मालकाने दिलेली वाहतूकही कामाच्या ठिकाणात मोडते, म्हणजे कंपनीच्या बसमध्ये झालेला छळ या कायद्याच्या कक्षेत येतो.

कागदावर रस्ता धड आहे. शिलाईच्या कारखान्यात तो चार ठिकाणी तुटतो. समितीचे सगळे सदस्य मालक नेमतो; मशीनवाल्यांच्या प्रतिनिधी म्हणून घेतलेल्या बायका अनेकदा एचआरच्या पसंतीच्या असतात, आणि समितीत आपले कोण आहे हेच लाइनला ठाऊक नसते. तक्रार लेखी हवी, आणि लिहून देण्यात मदत करण्याची जबाबदारी समितीची असली तरी समितीच्या खोलीपर्यंत जायला मशीन सोडावे लागते. मशीन सोडायची परवानगी सुपरवायझर देतो. तिसरी गोष्ट, खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद. नुसती तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून कारवाई करता येत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे, पण कामगाराला सांगताना पहिला भागच सांगितला जातो. आणि चौथी, सगळ्यांत मोठी: बदला. तक्रार केली म्हणून कोणी लेखी काढून टाकत नाही. तिला अवघड मशीनवर बसवतात, ओव्हरटाइमच्या यादीतून नाव जाते, पीस परत येऊ लागतात. महिन्याभरात ती आपणच काम सोडते आणि नोंद होते ‘वैयक्तिक कारण’.

समित्यांची ही अवस्था फक्त कपड्याच्या धंद्यात नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणावरून सुरू झालेल्या ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये देशभरातल्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी असल्याचे नमूद केले आणि समित्या खरोखर नेमल्या आहेत का याची पडताळणी करायला सांगितले. सोलापूरचे गणवेश, उल्हासनगरच्या जीन्स अशा ठिकाणी तर कित्येक युनिटमध्ये 10 कामगारही नसतात. तिथल्या बाईने जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जायचे असते, हे तिला सांगणारे कोणी भेटत नाही.

तपासणीत का दिसले नाही

कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, म्हणजे सामाजिक ऑडिट, कारखाना ठरवतो किंवा ब्रँड ठरवतो, आणि पैसे बहुधा कारखानाच देतो. तारीख आधी कळते. ऑडिटर एक-दोन दिवस येतो, मजुरीचे रजिस्टर, आगीची दारे, संडासांची संख्या पाहतो, आणि काही कामगारांशी कारखान्याच्याच आवारात बोलतो. दार कुठे आहे हे डोळ्यांना दिसते. छळ दिसत नाही. तो सांगावा लागतो, आणि सांगणाऱ्याला खात्री हवी की हे शब्द संध्याकाळपर्यंत सुपरवायझरकडे पोचणार नाहीत. परक्या माणसासमोर, मालकाच्या खोलीत, दहा-पंधरा मिनिटांत अशी खात्री येत नाही.

डोळ्यांना दिसणाऱ्या धोक्यांतही ही पद्धत फसली आहे. कराचीच्या अली एंटरप्रायझेस कारखान्याला ऑगस्ट 2012 मध्ये कामाच्या परिस्थितीबद्दलचे एसए 8000 हे प्रमाणपत्र मिळाले आणि 11 सप्टेंबरला तिथल्या आगीत 250 हून अधिक कामगार मेले. ढाक्याजवळच्या राणा प्लाझात 24 एप्रिल 2013 रोजी 1,134 माणसे गेली, तेव्हा त्या इमारतीतल्या कारखान्यांचीही ऑडिट झालेली होती. त्यानंतर बांगलादेशात ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये इमारत आणि आगीच्या सुरक्षेचा करार झाला. त्याचे वेगळेपण एवढेच की तो ब्रँडवर कायद्याने बंधनकारक होता. पाळला नाही तर लवादाकडे नेता येत होता.

हेच तत्त्व छळाच्या प्रश्नाला पहिल्यांदा लावले गेले ते आफ्रिकेतल्या लेसोथोमध्ये. न्येन शिंग या तैवानी कंपनीच्या जीन्स कारखान्यांत व्यवस्थापक आणि सुपरवायझर नोकरी टिकवण्याच्या बदल्यात बायकांवर शरीरसंबंधांची सक्ती करत होते, हे वर्कर राइट्स कन्सोर्शियम या अमेरिकेतल्या स्वतंत्र संस्थेने उघड केले. ब्रँडच्या तपासण्यांना ते सापडले नव्हते. ऑगस्ट 2019 मध्ये लिव्हाय स्ट्रॉस, काँटूर आणि चिल्ड्रन्स प्लेस या खरेदीदारांनी पाच कारखान्यांतल्या सुमारे 10,000 कामगारांसाठी बंधनकारक करार केले.

दिंडिगलमध्ये काय झाले

दिंडिगलमध्ये तामिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन, म्हणजे टीटीसीयू, ही 2013 पासूनची दलित बायकांच्या नेतृत्वाखालची संघटना होती. मारली गेलेली मुलगी तिची सभासद होती. संघटनेने कामगारांचे जबाब गोळा केले, एशिया फ्लोअर वेज अलायन्स आणि ग्लोबल लेबर जस्टिस या कामगार हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांना सोबत घेतले, आणि मागणी थेट ब्रँडकडे नेली. वर्कर राइट्स कन्सोर्शियमने इथेही तपास केला आणि छळ एका सुपरवायझरपुरता नव्हता, हे समोर आले. एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. खून झाल्यावर बाहेरच्या संस्था आल्या, पण बोलायला तयार असलेल्या बायका आधीच संघटित होत्या म्हणून त्यांना ऐकायला काही मिळाले. जिथे संघटना नाही तिथे याच घटनेची बातमी आठवड्यात विरली असती.

एप्रिल 2022 मध्ये टीटीसीयू, तिच्या सोबतच्या दोन संस्था आणि ईस्टमन यांच्यात करार झाला. खरेदीदार ब्रँड एच अँड एमने आपली बाजू बंधनकारक करारात बांधून घेतली. त्याच वर्षी पुढे गॅप ही कंपनी, आणि टॉमी हिलफिगर व कॅल्विन क्लाइन या ब्रँडची मालक कंपनी पीव्हीएच, याही त्यात आल्या. नाची अपॅरलसोबत ईस्टमनची दिंडिगलमधली सूतगिरणीही त्यात धरली गेली. मिळून 5,000 हून अधिक कामगार.

ईस्टमनने अटी मोडल्या तर ब्रँडने त्याच्या धंद्यावर परिणाम होईल असे पाऊल उचलायचे, हे लेखी आहे. याआधी मालकाला छळ थांबवण्याचा खर्च दिसायचा, न थांबवण्याचा दिसायचा नाही. आता दुसरा खर्चही दिसू लागला. त्याच सुमारास त्याची झलक सरकारी बाजूनेही मिळाली. 29 जुलै 2022 रोजी अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने सक्तीच्या श्रमाच्या संशयावरून नाची अपॅरलचा माल बंदरावर अडवण्याचा आदेश काढला आणि सुधारणांची माहिती पाहून 7 सप्टेंबरला त्यात बदल करून माल सोडला. या 40 दिवसांत कारखान्याला कराराची किंमत जितकी कळली तितकी कुठल्याही कार्यशाळेत कळली नसती.

पंचवीस जणींमागे एक

कराराचा कणा म्हणजे शॉप फ्लोअर मॉनिटर. साधारण 25 कामगारांमागे एक अशी, लाइनवरचीच कामगार, संघटनेने निवडलेली आणि प्रशिक्षण दिलेली. हे प्रमाण विचारपूर्वक आहे. चाळीस मशीनच्या लाइनवर एकच मॉनिटर असती तर ती सुपरवायझरच्या नजरेत एकटी पडली असती. पंचविसांत एक म्हणजे लाइनच्या दोन्ही टोकांना कोणीतरी, आणि एक रजेवर गेली तरी दुसरी असते.

ती चौकशी करत नाही आणि शिक्षाही ठरवत नाही. तिचे काम आहे पाहणे, ऐकणे आणि प्रकरण वर नेणे. सुपरवायझरने शिवी दिली, कोणाला संडासला जाऊ दिले नाही, कोणाच्या पाठीवर हात ठेवला, तर ती त्याच दिवशी संघटनेकडे आणि व्यवस्थापनाकडे मांडते. छोट्या तक्रारी छोट्या असतानाच पकडणे हा याचा मुख्य लाभ. गंभीर हिंसा एका दिवसात उगवत नाही; तिच्याआधी टोमणे, नंबर मागणे, वाट अडवणे असे बरेच काही घडून गेलेले असते आणि ते आजूबाजूच्या मशीनवाल्यांनी पाहिलेले असते.

गंभीर प्रकरणे अंतर्गत समितीकडे जातात. कायद्याची समिती बाजूला सारलेली नाही. संघटनेने सुचवलेले लोक आणि स्वतंत्र तज्ज्ञ घेऊन ती सुधारली. हे शहाणपणाचे होते. समांतर यंत्रणा उभी केली असती तर मालकाचा वकील पहिल्याच सुनावणीत अधिकाराचा मुद्दा काढून बसला असता. त्याबरोबर बदला घेण्यावर स्पष्ट बंदी, जात आणि स्थलांतरित असण्यावरून होणाऱ्या भेदभावालाही छळाच्या व्याख्येत जागा, आणि कामगारांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना प्रशिक्षण.

पहिल्या वर्षाच्या अहवालात 185 तक्रारी नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या 182 सुटल्या, बहुतेक आठवड्याभरात. काही वाचक विचारतात की तक्रारी वाढल्या म्हणजे परिस्थिती बिघडली का. उलट आहे. हजार-दीड हजार बायकांच्या कारखान्यात वर्षभरात शून्य तक्रारी हा आकडा पाहिला की समजावे, तिथे तक्रारीचा रस्ता बंद आहे. ऑडिटच्या अहवालात आजही शून्याला पूर्ण गुण मिळतात, आणि ते तातडीने बदलायला हवे.

कराराच्या कडा

काही गोष्टी या करारात नाहीत. ब्रँड पीसला किती दर देईल, ऑर्डर किती आणि किती दिवस आधी देईल, याचे बंधन नाही. म्हणजे फळ्यावरचा तासाला 130 चा आकडा जिथल्या तिथे आहे. सुपरवायझरने शिवी द्यायची नाही हे ठरले, पण चार गैरहजरांचे पीस कसे काढायचे हे ठरले नाही. ज्या कारखान्यांत हे उत्तर शोधले गेले तिथे ते साधे होते: गैरहजेरी गृहीत धरून प्रत्येक दोन लाइनमागे काही जास्तीच्या, सगळी मशीन चालवता येणाऱ्या कामगार ठेवणे, आणि नव्या स्टाइलच्या पहिल्या तीन दिवसांचे टार्गेट वेगळे लावणे. दोन्हींना पैसे लागतात आणि ते ब्रँडच्या दरातूनच यायला हवेत.

दुसरी कड अशी की करार त्या ब्रँडना बांधतो ज्यांनी सही केली. त्याच लाइनवर दुसऱ्या खरेदीदाराचा माल चढला तर तो खरेदीदार मोकळा असतो. ऑर्डर कमी झाली, लाइन बंद पडली, तर मॉनिटर असलेली कामगारही घरी जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने कामाच्या जागी होणाऱ्या हिंसेविरुद्ध 2019 मध्ये 190 क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. त्यामुळे एखाद्या कारखान्यातली सुधारणा कारखान्यातच राहते.

हा नमुना दुसरीकडे लावू पाहणाऱ्या संघटनेने सुरुवात समितीच्या यादीपासून न करता लाइनच्या नकाशापासून करावी. किती मशीन, किती सुपरवायझर, कोणती बस कोणत्या गावाला जाते, वसतिगृहाची किल्ली कोणाकडे, संडासला जायला कोणाची परवानगी लागते. मग खरेदीदारांची नावे कपड्याच्या लेबलवरून आणि कार्टनवरच्या मार्किंगवरून लिहून घ्यावीत. हे काम पॅकिंग विभागातल्या बायका सहज करतात. तक्रारदाराच्या पुढच्या सहा महिन्यांची मशीनबदली, ओव्हरटाइम आणि रीवर्कची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी, कारण बदला सिद्ध करायला दुसरा पुरावा मिळत नाही. आणि मालकाशी बोलणी सुरू होण्याआधी किमान एका खरेदीदाराला टेबलावर आणावे. दिंडिगलमध्ये ईस्टमन आणि एच अँड एम दोघांच्या सह्या एकाच वेळी मिळाल्या, म्हणून मालकाला ऑर्डरचे आणि खरेदीदाराला मालकाचे कारण पुढे करता आले नाही.